बायकांनी रस्त्यावर येऊ नये

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, ॲरिझोना राज्यात, दोन जुनी खाणगावं एकमेकींपासून साधारण ४० किलोमीटरवर आहेत. एक टूमस्टोन आणि दुसरं बिस्बी. टूमस्टोनमध्ये २६ ऑक्टोबर १८८१ रोजी पोलीस आणि गुंड यांच्यात गोळीबार झाला. तो अर्धा मिनिट चालला आणि तीन माणसं मेली. त्या अर्ध्या मिनिटावर किती सिनेमे निघाले याची गणती नाही. आजही तिथं तिकीट काढून तो गोळीबार बघायला मिळतो, नटमंडळी रोज मरतात आणि रोज उठतात.

बिस्बीत १२ जुलै १९१७ रोजी एका सकाळीत अकराशेहून अधिक माणसांना बंदुकीच्या धाकानं घरातून उठवून, गुरं वाहायच्या आगगाडीच्या डब्यांत कोंडून, परक्या राज्यातल्या वाळवंटात नेऊन सोडलं. त्यावर मात्र गावानं कितीतरी वर्षं तोंड उघडलं नाही. एका गावानं अर्ध्या मिनिटाचा इतिहास दीडशे वर्षं वाजवला आणि शेजारच्या गावानं अख्ख्या दिवसाचा इतिहास गिळला. या दुसऱ्या गावाबद्दल मला तुम्हाला सांगायचंय.

माझी भाची टुसॉनला असते. तिथून बिस्बी दीडेक तासाचा रस्ता. सकाळी निघालं की दिवसभर गाव बघून संध्याकाळी परत येता येतं. आपल्यासारख्या दिवस मावळायच्या आत जेवण उरकणाऱ्यांनाही सोयीचं. सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. रस्त्यात दोन्ही बाजूंना कोरडं माळरान, काटेरी झुडपं, लांबवर निळसर डोंगर. मग गाडी डोंगर चढायला लागते, एका बोगद्यातून जाते, आणि पलीकडं अचानक घळीत घरंच घरं दिसतात, एकाच्या डोक्यावर दुसरं.

गाव समुद्रसपाटीपासून साडेपाच हजार फुटांवर आहे. सपाट जागा अशी नाहीच. डोंगराच्या उतारावर जिथं पाय टेकेल तिथं घर बांधलं आणि वर जायला पायऱ्या केल्या. आता दरवर्षी त्या पायऱ्या चढायची शर्यतही होते. "मावशी, हळू, श्वास लागेल," असं भाची दर वळणावर म्हणत होती. मला मात्र पाण्याच्या बादल्या, धुण्याची गाठोडी आणि कडेवरची पोरं घेऊन या पायऱ्या चढणाऱ्या बायकाच दिसत होत्या. खाणकामगार नवरा डोंगराच्या पोटात उतरायचा आणि बायको डोंगराच्या पाठीवर चढायची. गावाचं सगळं गणित त्या दोन वाटांवर होतं.

गाव वसलं तांब्यासाठी. १८७७ मध्ये सैन्याबरोबर फिरणाऱ्या एका वाटाड्याला इथं धातूची खूण दिसली. त्यानं जॉर्ज वॉरन नावाच्या माणसाला शिधा आणि सामान देऊन शोधाला पाठवलं. वॉरनला तांब्याचा मोठा साठा मिळाला आणि खाणीत हिस्साही मिळाला. पण हा गडी दारूचा शौकीन. मी घोड्यापेक्षा जोरात पळतो अशी त्यानं पैज लावली, हिस्सा पणाला लावला आणि हरला, अशी गोष्ट तिथं सगळे सांगतात. पुढं त्याच खाणीतून कोट्यवधी डॉलर निघाले आणि वॉरन गरिबीत मेला. ज्यांच्या नावावरून गावाला नाव मिळालं ते बिस्बी हे खाणीत पैसे गुंतवणारे दूरच्या सॅन फ्रान्सिस्कोचे गृहस्थ. ते या गावात कधी आलेच नाहीत म्हणे. ज्यानं जमीन उकरली त्याच्या हाती काही उरलं नाही आणि ज्यानं जमीन बघितलीही नाही त्याचं नाव राहिलं.

तांब्याला एवढं मोल का आलं, हे समजून घ्यायला हवं. १८८० च्या सुमारास वीज आली. विजेला तार लागते आणि तारेला तांबं लागतं. न्यूयॉर्कच्या घरात दिवा लागला की ॲरिझोनाच्या डोंगरात एक भोक वाढायचं. फेल्प्स डॉज या कंपनीनं कॉपर क्वीन खाण हाती घेतली आणि हळूहळू गावच तिच्या मुठीत गेलं. दुकान कंपनीचं, दवाखाना कंपनीचा, वर्तमानपत्र कंपनीचं, आगगाडीही कंपनीचीच. १९७५ मध्ये खाणी बंद झाल्या, तोवर इथून सुमारे ८ अब्ज पौंड तांबं निघालं होतं. आपल्या हिशेबानं ३६ लाख टनांच्या आसपास.

खाण बंद झाली तशी पुढच्याच वर्षी ती पाहुण्यांसाठी उघडली. डोक्यावर टोप, अंगात पिवळं जाकीट, हातात दिवा, आणि छोट्या गाडीवर घोड्यावर बसल्यासारखं बसून आत जायचं. बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत बारा महिने ८ अंश थंडी. भिंतीला पाणी पाझरतं. दिवा विझवला तर स्वतःचा हात दिसत नाही. पूर्वी गाड्या ओढायला खेचरं होती. ती महिनोन्‌महिने आतच राहायची आणि बाहेर काढताना त्यांच्या डोळ्यांना उजेड सोसावा म्हणून पट्टी बांधायला लागायची, असं तिथं सांगतात. हे ऐकून माझं मन कालवलं. श्रावकानं करू नयेत अशा धंद्यांची यादी आपल्या शास्त्रात आहे, तिच्यात जमीन फोडायचा धंदाही येतो. लहानपणी मला वाटायचं, हे का बरं सांगितलं असेल? त्या अंधारात उभं राहिल्यावर थोडंफार कळलं. अर्थात घरी कळशी, घागर, बंब, पूजेचा कलश हे सगळं तांब्याचंच. धंदा आपण करत नाही, वस्तू मात्र वापरतो. तेव्हा कुणाकडं बोट दाखवायच्या आधी स्वयंपाकघरात बघावं.

आता त्या सकाळीकडं येते.

१९१७ च्या एप्रिलमध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. काडतुसं पितळेची आणि पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांब्याचा भाव चढला, कंपन्यांचा नफा चढला, कामाचा रेटाही चढला. मजुरी तेवढी चढली नाही. बिस्बीत तेव्हा तीसहून अधिक देशांची माणसं होती. मेक्सिकन, सर्बियन, इंग्रज, आयरिश, फिनलंडची. पण सगळ्यांना एक न्याय नव्हता. मेक्सिकन माणसाला जमिनीखालचं चांगल्या मजुरीचं काम मिळायचं नाही, त्यानं वरच कमी पैशांत राबायचं. चिनी माणसानं भाजी विकायला यावं, पण गावात रात्र काढू नये, अशी रीत होती.

जून महिन्यात संघटनेनं मागण्या ठेवल्या. सुरुंग लावताना माणसं आत नसावीत. यंत्रावर एकाऐवजी दोघं असावेत, म्हणजे एकाला काही झालं तर दुसरा बघेल. कामाला घेताना अंग तपासून माणसं गाळायची पद्धत बंद करावी. जमिनीखाली काम करणाऱ्याला तांब्याच्या भावावर न लोंबकळता दिवसाला ६ डॉलर ठरलेले मिळावेत. मेक्सिकन असो की गोरा, भेदभाव नको. वाचून बघा, यात अंगावर येण्यासारखं काय आहे? कंपन्यांनी बोलणीच नाकारली. २६ जूनला संप सुरू झाला आणि निम्म्याहून अधिक माणसं कामावर गेली नाहीत. दंगल झाली नव्हती, रक्त सांडलं नव्हतं. पण युद्धाच्या दिवसांत संप म्हणजे देशद्रोह, संपवाले म्हणजे शत्रूचे हस्तक, अशी हाकाटी वर्तमानपत्रांनी चालू केली. ही हाकाटी कशी वाढते, ते आपल्यालाही ठाऊक आहे.

जिल्ह्याचा शेरीफ हॅरी व्हीलर. त्यानं कंपनीच्या माणसांबरोबर बसून बेत केला आणि दोन हजारांच्या आसपास गावकऱ्यांना एका रात्रीत हवालदार करून टाकलं. दुकानदार, कारकून, संपात नसलेले कामगार. ओळख म्हणून दंडाला पांढरी फीत. १२ जुलैला सकाळी साडेसहाच्या सुमारास ही माणसं गल्ल्यागल्ल्यांतून फिरली आणि दारं ठोठावायला लागली. तू कामावर जातोस का? नाही? मग चल. कुणी न्याहारीला बसलेला, कुणी झोपेतला. संपाशी काही संबंध नसलेलेही त्यात ओढले गेले. या गडबडीत गोळी चालली आणि दोघं मेले, एक पकडायला आलेला आणि एक पकडला जाणारा.

त्या दिवशी सकाळी कंपनीच्या ताब्यातल्या 'बिस्बी डेली रिव्ह्यू' पत्रात शेरीफचं फर्मान ठळक अक्षरांत छापून आलं होतं. त्यात बायकांसाठी आणि मुलांसाठी एकच गोष्ट होती : आज रस्त्यावर येऊ नका.

मैत्रिणींनो, मी इथं थांबले. हा सगळा इतिहास वाचताना माणसांची नावं येतात, संघटनांची येतात, कंपन्यांची येतात. बायका त्यात पहिल्यांदा येतात त्या या एका ओळीत, आणि ती ओळ त्यांना घरात बसवते. पुढं काय झालं ते खिडकीतून बघायचं.

काय बघितलं त्यांनी? आपली माणसं रांगेत चालली आहेत आणि बाजूनं बंदुका घेतलेले शेजारी चालले आहेत. एका घरात तर सख्ख्या भावानं भावाला पकडून नेलं. तीन-साडेतीन किलोमीटर चालवून सगळ्यांना वॉरन भागातल्या बेसबॉलच्या मैदानावर आणलं. उन्हात उभं करून विचारलं, संप सोडतोस का? काहींनी सोडला. उरलेल्या सुमारे १,१८६ जणांना २३ डब्यांत भरलं. डब्यांत शेणाचा थर होता. जुलैचं वाळवंट, पाणी अपुरं. गाडी सोळाएक तास चालत राहिली. कोलंबस गावानं त्यांना उतरवून घ्यायला नकार दिला, तेव्हा न्यू मेक्सिको राज्यात एर्मानस नावाच्या आडठिकाणी त्यांना सोडून दिलं. शेवटी सैन्यानं कोलंबसच्या छावणीत आणून तंबूंत ठेवलं आणि सप्टेंबरपर्यंत जेवू घातलं. तिथं सैन्यानं मोजदाद केली तर त्यात चारशेहून अधिक विवाहित, कित्येक घरमालक, आणि युद्धासाठी सैन्यात नाव नोंदवलेलेही शेकड्यांनी निघाले. देशद्रोही म्हणून हाकललेली ही माणसं.

आणि त्या चारशे घरांचं काय? बिस्बीच्या रस्त्यांवर पहारे बसले होते. गावात यायचं तर चिठ्ठी दाखवायला लागायची, नाहीतर परत फिरा. नवरा येऊ शकत नव्हता. दर आठवड्याची मजुरी थांबली. भाडं, किराणा, पोरांचं दूध. ज्या दुकानात उधारी मागायची तो दुकानदारच परवा पांढरी फीत बांधून दारात आलेला. कुणी घर आवरून नवऱ्याच्या मागं गेल्या असतील, कुणी धुणी धुतली असतील, कुणी खाणावळ चालवून दिवस काढले असतील. खाणगावात बायकांना मिळणारी कामं तेवढीच.

पण एक बाई गप्प बसली नाही. तिचं नाव रोझा मॅके. ॲरिझोनात बायकांना मतदानाचा हक्क १९१२ मध्येच मिळाला होता, अख्ख्या देशात मिळायच्या आठ वर्षं आधी. त्यामुळं राज्याच्या विधिमंडळात बायका निवडून जायला लागल्या होत्या, आणि या जिल्ह्यातून रोझा मॅके गेली होती. काम करणाऱ्या बाईला आठवड्याला निदान १० डॉलर मिळालेच पाहिजेत, हा १९१७ चा कायदा तिनं पुढं रेटला होता. त्या दिवशी गावाबाहेर बातमी जाऊ नये म्हणून तारघर आणि टेलिफोन यांच्यावर कंपनीच्या माणसांचा पहारा होता. तरीही रोझानं थेट राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तार करून या प्रकाराचा निषेध केला. गावातलं तांबं जगभर तारा होऊन गेलं होतं, पण गावाचं गाऱ्हाणं तारेनं बाहेर जाऊ नये अशी व्यवस्था होती. ती मोडायचा प्रयत्न एका बाईनं केला, हे लक्षात ठेवायला पाहिजे.

न्याय मिळाला का? विल्सन यांनी नेमलेल्या आयोगानं नोव्हेंबर १९१७ मध्ये ही हद्दपारी पूर्ण बेकायदा होती असं सांगितलं. शेरीफ, कंपनीचे अधिकारी असे अनेकजण आरोपी झाले. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९२० मध्ये निकाल लागला की हा विषय केंद्राच्या कायद्यात बसत नाही, राज्यानं बघावं. राज्यानं बघितलं होतं. त्याच वर्षी एका दुकानदारावर खटला चालला, आणि गावाला धोका होता, तेव्हा हे करणं भागच होतं, हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद पंचांनी मान्य केला. तो सुटला. त्यानंतर कुणालाही शिक्षा झाली नाही.

मग गाव गप्प झालं. गेलेल्यांतले बरेचजण परत आलेच नाहीत. जे राहिले ते फीतवाले, किंवा त्यांच्याशी मिळतंजुळतं घेतलेले. तीच कंपनी, तीच खाण, तोच पगार. बोलणार कोण? आजोबांनी फीत बांधली होती हे नातवंडांना सांगायचं नाही आणि आजोबा गाडीत कोंडले गेले होते हेही सांगायचं नाही. दोन्हीकडची लाज एकाच गप्पपणात मुरली.

कंपनीच्या मुख्य कचेरीच्या इमारतीत आता संग्रहालय आहे. तिथं त्या दिवसाचे फोटो बघायला मिळतात. माणसांची लांबच लांब रांग, मैदान, डब्यांची ओळ. त्यांच्यासमोर उभी असताना मला हलशी आठवली. आपल्या खानापूर तालुक्यातली. तिथं सापडलेले कदंब राजांचे ताम्रपट पंधराशे वर्षांचे जुने आहेत. जिनमंदिराला दिलेलं दान, पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुनींच्या आहाराची केलेली सोय, हे त्यावर कोरलेलं आहे, म्हणून आज आपल्याला त्याचा पत्ता आहे. राज्यं गेली, राजे गेले, पण तांब्यावर लिहिलेलं राहिलं. बिस्बीत तांब्याचे डोंगर होते, पण एका ओळीपुरतंही तांबं त्या माणसांच्या वाट्याला आलं नाही. धातू काही आपणहून आठवण ठेवत नाही. काय कोरायचं, ते कोरवून घेणारा ठरवतो. राजाचं दान कोरलं जातं, मजुराचं घर उठलेलं कोरत नाही कुणी.

शंभर वर्षांनी मात्र गाठ थोडी सुटली. २०१७ मध्ये गावकऱ्यांनी स्वतःच तो दिवस पुन्हा उभा केला. कुणी फीत बांधली, कुणी रांगेत उभं राहिलं. भावानं भावाला पकडलं होतं त्या घरातल्या नातवांनीही त्यात भाग घेतला. त्यावर 'बिस्बी १७' नावाचा चित्रपटही निघाला. खाण बंद झाल्यावर स्वस्त घरं बघून चित्रकार, कारागीर, नवी माणसं इथं राहायला आली होती. आता पाच हजारांच्या आत वस्ती आहे. नव्यांना विचारायला भीती नव्हती आणि जुन्यांना सांगायला कंपनी आड येत नव्हती. एवढं जमायला शंभर वर्षं लागली.

आपल्या सीमाभागातल्या बायकांनाही दार लावून घ्या, बाहेर पडू नका, हे शब्द नवे नाहीत. आंदोलनं झाली, संचारबंद्या लागल्या. कोण आपला आणि कोण बाहेरचा हे वर्तमानपत्रांत मोठमोठ्या अक्षरांत ठरलं. तेव्हा घराघरांत आजी, आई, काकू खिडकीआड उभ्या होत्या. मोर्चात कोण होतं, भाषण कुणी केलं, ते लिहिलेलं सापडतं. गल्लीत कुणाच्या दारावर कुणी थाप मारली, कुणी शेजारणीच्या पोरांना घरात घेतलं, आणि कुणी ओळख असून तोंड फिरवलं, हे फक्त खिडकीआडच्यांनाच माहीत असतं. आणि त्यांना कुणी विचारत नाही.

म्हणून माझं एवढंच सांगणं आहे. घरात ऐंशीच्या पुढची कुणी बाई असेल तर तिच्याजवळ बसा. काय दिसलं होतं, ते विचारा. तारीख चुकली तरी चालेल, नाव आठवलं नाही तरी चालेल. ती सांगेल तसं तिच्या शब्दांत वहीत लिहून ठेवा. ताम्रपट लागत नाही, दोनशे पानी वही पुरते. त्या बेसबॉलच्या मैदानावर आजही खेळ चालतो. १९०९ मध्ये बांधलेलं, त्या देशातल्या जुन्या मैदानांपैकी एक. आम्ही गेलो तेव्हा शाळेची पोरं सराव करत होती आणि कठड्याजवळ त्यांच्या आया पाण्याच्या बाटल्या घेऊन बसल्या होत्या. उघड्यावर, रस्त्याच्या कडेला, हसत-बोलत.